खेळ गुंडांचा, पैसा घरचा



सोयाबीनची पट्टी हातात पडली की घरात मागण्यांची यादी निघते. घरधनिणीला स्वयंपाकघरावरचे पत्रे बदलून हवे असतात. धाकटीला सायकल हवी असते. आणि तालुक्याच्या कॉलेजात जाणारा थोरला हळूच म्हणतो, ‘बाबा, मला एक गेम घ्यायचा आहे.’ गेम म्हणजे काय, असे विचारावे, तर तो लॅपटॉप उघडून चित्र दाखवतो. चित्रात हॅटवाले गडी, हातात बंदुका, मागे दारूची पिंपे. बाप म्हणतो, ‘गुंडांचा खेळ? फुकट मिळाला तरी घरात नको!’ पोरगा म्हणतो, ‘बाबा, हा डोक्याचा खेळ आहे.’ आणि आई दोघांच्या मध्ये.

हा प्रश्न आता खेड्यापाड्यांतल्या घरांतही येऊ लागला आहे. तो केवळ चार पैशांचा नाही. पोराला नुसते दरडावून गप्प केले तर तो चोरून खेळेल. हट्टाला मान तुकवली तर उद्या हट्टालाच भाव येईल. तेव्हा या सदरात आज हाच विषय घेऊ. बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, चाल पाहतो, चारा किती खाईल ते विचारतो, आणि मग खिशाला हात घालतो. खेळाचेही तसेच करू.

वस्तू आहे तरी काय?

आधी एक घोटाळा दूर करू. ‘गेम’ हा शब्द निघाला की अनेकांच्या डोळ्यांपुढे मोबाईलवरची रमी येते, आणि रमीत जमीन गहाण टाकलेल्या माणसांच्या गोष्टी आठवतात. पैसे लावून खेळायच्या तसल्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. आपण बोलतो आहोत तो खेळ त्या जातीचा नाही. तो पुस्तकासारखा एकदा विकत घ्यायचा आणि घरी बसून खेळायचा. त्यात डाव लावायचा नाही, जिंकले तर रुपया मिळत नाही, हरले तर रुपया जात नाही.

दुसरे असे की, यांत मोटारी पळवण्याचे आणि दिसेल त्याला गोळी घालण्याचे खेळ वेगळे आणि डावपेचांचे खेळ वेगळे. डावपेचांच्या खेळात घाई नसते. बुद्धिबळासारखा विचार करून एकेक चाल करायची. माणसे नेमायची, माल आणायचा, हिशेब बसवायचा, शत्रूशी कधी तह तर कधी झुंज.

उदाहरणादाखल एकच खेळ घेऊ. त्याचे नाव ‘एम्पायर ऑफ सिन’, म्हणजे ‘पापाचे साम्राज्य’. आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातल्या रोमेरो गेम्स या संस्थेने तो तयार केला. त्याची मुख्य आखणी ब्रेंडा रोमेरो या बाईंची. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने तो १ डिसेंबर २०२० रोजी बाजारात आणला. तो संगणकावर आणि टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवर चालतो.

खेळाची जागा अमेरिकेतले शिकागो शहर, काळ १९२० च्या पुढचा. खेळणाऱ्याने १४ टोळीप्रमुखांपैकी एक निवडायचा. त्यात अल कपोन, डीन ओबॅनियन अशी खरीखुरी माणसे आहेत, काही कल्पनेतली आहेत. मग चोरटी दारू गाळण्याच्या भट्ट्या काढायच्या, गुपचूप चालणारे गुत्ते आणि जुगाराचे अड्डे थाटायचे. वेश्यागृहेही त्या धंद्यांत आहेत, हे आईबापांना ठाऊक असलेले बरे. वस्ती पाहून हलकी किंवा भारी दारू पुरवायची. पोलिसाला हप्ता द्यायचा. दुसऱ्या टोळीच्या म्होरक्यासमोर बसून बोलणी करायची, आणि बोलणी फिसकटली तर आळीपाळीने चाली करत लढायचे. टोळीतल्या माणसांची आपसांत मैत्री जमते, प्रेम जमते, आणि एखादा गडी ऐन वेळी आपल्या जिवाभावाच्या माणसावर गोळी झाडायला नकार देतो. पोरे म्हणतात की हा नुसता मारामारीचा खेळ नाही, ते अगदीच खोटे नाही.

ते शिकागो आणि ती दारूबंदी

शिकागो हे नाव आपल्या सोयाबीनवाल्यांना परके नाही. १८४८ साली तिथे धान्याचा मोठा बाजार उभा राहिला, आणि त्या बाजारात सोयाबीन पडले की त्याची झळ आपल्या लातूर-वाशीमच्या आडतीपर्यंत पोहोचते. त्याच शहरात शंभर वर्षांपूर्वी काय घडले ते पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून सबंध देशात दारूबंदी आणली. १७ जानेवारी १९२० रोजी ती अमलात आली. तिच्यामागे बायकांचा मोठा जोर होता. १८७४ साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती महिलांच्या दारूबंदी संघाचे मुख्य ठाणे शिकागोला लागूनच असलेल्या इव्हान्स्टन गावी होते. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते आणि लेकरे उपाशी झोपतात, हे त्या बायकांचे गाऱ्हाणे. ते आपल्याकडच्या बायकांना कोणी समजावून सांगायची गरज नाही.

पण कायदा झाला म्हणून तहान गेली नाही. कॅनडातून माल चोरून येऊ लागला. कारखान्यांसाठी असलेले स्पिरिट पळवले जाऊ लागले. शिकागोच्या इटालियन वस्तीत गरीब घरांतून लहान भट्ट्या लागल्या आणि त्या घरांना टोळीकडून पैसे मिळू लागले. जो माल कायद्याने विकता येत नाही त्याचा भाव दुकानदार ठरवत नाही, बंदूकवाला ठरवतो. तेच तिथे झाले.

शेतकऱ्यांचाही यात एक भाग आहे. घरच्या घरी फळांचा रस काढण्याला त्या कायद्यात सवलत होती. लोकांनी द्राक्षे घेऊन घरी वाइन करायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षांना सोन्याचा भाव आला. मग जो तो वेली लावत सुटला, आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात भाव कोसळले. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला ही गोष्ट वाचून ओळखीचे वाटले तर नवल नाही.

दारूबंदी अखेर ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. तेरा वर्षांत शिकागोत टोळ्या मात्र चांगल्या मुरल्या होत्या.

खरा कपोन कसा होता?

पोरे ज्याच्या नावाने खेळतात तो अल कपोन १७ जानेवारी १८९९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मला. आईबाप इटलीहून आलेले, बाप न्हावी. जॉनी टोरिओ नावाच्या म्होरक्याच्या हाताखाली तो शिकागोला आला. १० नोव्हेंबर १९२४ रोजी विरोधी टोळीचा डीन ओबॅनियन त्याच्याच फुलांच्या दुकानात मारला गेला. जानेवारी १९२५ मध्ये टोरिओवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, पण शहाणा झाला आणि कारभार कपोनवर सोपवून निघून गेला. कपोन तेव्हा २६ वर्षांचा होता.

१४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोतल्या एका मोटार-गॅरेजमध्ये ७ माणसांना भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि गोळ्या घातल्या. मारणाऱ्यांतले काही पोलिसांच्या वेशात होते. त्या खुनांबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. सगळे जग मात्र कपोनकडे बोट दाखवत राहिले. त्याच कपोनने १९३० मध्ये, मंदीच्या दिवसांत, बेकारांसाठी फुकट जेवणाचे केंद्र चालवले. लोक त्याला दुवा देत. गावोगाव असले दानशूर आपणही पाहतो. एका हाताने लुटायचे, दुसऱ्या हाताने जत्रेला वर्गणी द्यायची.

आता गंमत पाहा. एवढ्या खुनांत जो सापडला नाही, तो सापडला कशात? चोपडीत! बेकायदा कमाईवरही कर द्यावा लागतो, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली ठरवले होते. कर खात्याच्या माणसांनी कपोनचा खर्च मोजला, आणि पूर्वी एका जुगाराच्या अड्ड्यावर पडलेल्या धाडीत सापडलेल्या हिशेबाच्या वह्या धुंडाळल्या. त्यात कोणाचे अक्षर आहे ते शोधत शोधत त्यांनी कारकून गाठला. ऑक्टोबर १९३१ मध्ये कपोनला ११ वर्षांची शिक्षा झाली. १९३४ मध्ये त्याला समुद्रातल्या अल्काट्राझ बेटावरच्या तुरुंगात हलवले. उपदंशाचा रोग मेंदूत भिनला होता. १९३९ मध्ये सुटला तेव्हा तो धड विचार करण्याच्या अवस्थेत नव्हता. २५ जानेवारी १९४७ रोजी फ्लोरिडात तो वारला. वय ४८.

पोरगा खेळ मागायला आला की ही गोष्ट त्याला जरूर सांगा. खेळात कपोन जिंकतो. खऱ्या जगात तो सात-आठ वर्षे तुरुंगात बसला आणि शेवटी लहान मुलासारखा झाला.

खेळात जे दिसत नाही

खेळात हलकी दारू म्हणजे पडद्यावरचा एक आकडा. स्वस्तात गाळली, गरीब वस्तीत खपवली, नफा मिळाला, पुढची चाल. ती दारू पिऊन कोणाची चूल विझली, ते खेळ विचारत नाही.

खऱ्या शिकागोच्या काळात कारखान्यांच्या स्पिरिटमध्ये सरकारच्या नियमाप्रमाणे विषारी मिथाइल अल्कोहोल मिसळलेले असे, ते कोणी पिऊ नये म्हणून. टोळ्या ते कसेबसे गाळून विकत. ज्यांच्या वाट्याला नीट न गाळलेले आले ते आंधळे झाले किंवा मेले. १९३० मध्ये आल्याच्या अर्काच्या नावाखाली विकल्या गेलेल्या भेसळीच्या मालाने हजारो माणसांचे पाय लुळे पडले. त्यांत बहुतेक गरीब होते.

फार लांब कशाला जायचे? जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूतही मिथाइल अल्कोहोलच होते. मजूर माणसे. संध्याकाळी कामावरून आली, प्यायली आणि गेली. मागे बायका-पोरे.

दारूबंदीचा प्रश्नही आपल्याला नवा नाही. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्या बंदीच्या काळात मुंबईत हातभट्टीचा धंदा फोफावला आणि त्याच पैशावर काही टोळ्या मोठ्या झाल्या. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी, यावर शहाणी माणसे आजही भांडतात. बंदी मागणाऱ्या बायकांचे दुःख खरे असते, आणि बंदीआडून होणारा चोरटा धंदाही खरा असतो. पोरगा हा खेळ खेळणारच असेल तर या दोन्ही गोष्टी त्याच्या कानांवर असू द्या.

आणखी एक सांगतो. या खेळाला २०२१ मध्ये एक जादा भाग निघाला. त्यात टोळीला सावकारीचाही धंदा करता येतो. ज्यांच्या पणजोबांनी सावकाराच्या दारात पागोटे ठेवले, त्यांच्या घरात या धंद्याचे वर्णन करायला नको. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्याच जाळल्या होत्या. पडद्यावर व्याज वसूल करणाऱ्या पोराला एवढे तरी माहीत असावे की त्या वहीच्या दुसऱ्या बाजूला आपण होतो.

असले खेळ खेळून पोरगा गुंड होईल का?

सगळ्या आईबापांच्या मनातला हाच प्रश्न. याचे उत्तर नीट द्यायला हवे.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मुख्य संघटनेने २०२० साली याबद्दल आपले मत मांडले. त्यांचे म्हणणे असे की, मारामारीच्या खेळांमुळे माणूस खरोखरीचे हिंसक गुन्हे करतो, असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही. मात्र आरडाओरडा, ढकलाढकली अशा चिडखोर वागण्याशी अशा खेळांचा थोडा पण खात्रीलायक संबंध दिसतो. म्हणजे तुमचा गुणी पोरगा खेळ खेळून टोळी काढायला जाणार नाही. पण हरल्यावर बहिणीवर खेकसला तर त्याकडे काणाडोळा करू नका.

खरी भीती वेगळीच आहे, ती वेळेची. डावपेचांचा खेळ तासाभरात संपत नाही. ‘एवढी एक चाल करतो नि उठतो’ म्हणता म्हणता रात्रीचा एक वाजतो. खेळाच्या अति नादाला जागतिक आरोग्य संघटनेने आता आजारांच्या यादीत जागा दिली आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याची लक्षणे तीन. खेळावर ताबा राहत नाही. खेळ बाकी सगळ्या गोष्टींच्या पुढे जातो. आणि नुकसान होत असूनही खेळ सुटत नाही. हे साधारण वर्षभर चालले आणि त्याने अभ्यास, काम, घर यांची नासाडी झाली, तर त्याला आजार समजतात. चार दिवस खेळात रमणे म्हणजे आजार नव्हे. पण लक्षणे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली बरी.

आता खेळाच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. त्यात आखणी लागते. माल कोठून येईल, कोठे साठवायचा, कोणत्या माणसाला कोणते काम द्यायचे, हातात रोकड किती ठेवायची, एकाच वेळी दोन आघाड्यांवर भांडण का काढू नये, हे सगळे तिथे लागते. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम किंवा गुऱ्हाळाचा मालक रोज हेच तर करतो. इंग्रजी वाचायची सवय होते, ती वेगळीच. पण एक लक्षात ठेवा. हे गुण शिकायला गुंडच व्हावे लागते असे नाही. तेच डावपेच शहर वसवण्याच्या, राज्य चालवण्याच्या, शेतीच्या खेळांतही असतात.

खिशाला हात घालण्यापूर्वी

आता व्यवहाराचे बोलू. चार गोष्टी क्रमाने पाहा.

पहिली, वय. या खेळाला अमेरिकेतल्या मानांकन मंडळाने १७ वर्षांवरील मुलांसाठी असा शिक्का दिला आहे. खतांच्या पोत्यावर जसे घटक छापलेले असतात तसा हा शिक्का. रक्तपात, शिव्या, दारू हे त्यात आहे. तेव्हा आठवी-नववीतल्या मुलासाठी हा खेळ नाही. तिथे चर्चेलाही जागा ठेवू नका.

दुसरी, यंत्र. हा खेळ मोबाईलवर चालत नाही. कॉलेजसाठी घेतलेला साधा लॅपटॉप तो ओढीलच असे नाही. दोन बैलांचे काम एका खोंडाला कसे ओढवेल? विक्रीच्या पानावर लागणारी मेमरी, चित्रांचे कार्ड आणि जागा लिहिलेली असते. पोराला ती आपल्या यंत्राशी ताडून कागदावर लिहून आणायला सांगा. खेळापायी नवे यंत्र घ्यावे लागणार असेल, तर खर्च खेळाचा राहत नाही, यंत्राचा होतो. मग उत्तर ‘नाही’ हेच.

तिसरी, किंमत आणि वेळ साधणे. बाजारात पहिल्या दिवशी आलेला आंबा महाग आणि आंबट असतो. या खेळाचेही तसेच झाले. २०२० मध्ये तो आला तेव्हा त्यात बरेच दोष होते. खेळ मध्येच अडे, विरोधी टोळ्या खुळ्यासारख्या वागत, आणि घेणाऱ्यांनी तक्रारी केल्या. पुढे दुरुस्त्या झाल्या, तरी जाणकारांचे मत ‘कल्पना झकास, घडण मध्यम’ असेच राहिले. म्हणून नवा खेळ आला रे आला की घ्यायचा, ही घाई करू नये. स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानात उन्हाळ्यात आणि डिसेंबरअखेरीस मोठी सूट लागते. जुन्या खेळांचे भाव तेव्हा खूप खाली येतात. थांबेल त्याचा फायदा.

याच दुकानात आणखी एक चांगला नियम आहे. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळले असेल तर खेळ परत करून पैसे मागता येतात. बैल दोन तास नांगराला जुंपून पाहा आणि पसंत नसेल तर परत न्या, असे म्हणणारा व्यापारी बाजारात भेटतो का? तेव्हा या सवलतीचा उपयोग करा.

चौथी, फुकटाचा मोह. कोणी मित्र पेनड्राइव्हवर चोरटी प्रत आणून देईल आणि म्हणेल, ‘पैसे कशाला घालवतोस?’ त्या प्रतीबरोबर यंत्रात काय शिरेल याचा नेम नाही. ज्या लॅपटॉपवर पोरगा खेळतो त्याच लॅपटॉपवरून तुमच्या बँकेचे आणि सातबाऱ्याचे काम होते, हे विसरू नका. शिवाय गुंडांचा खेळ चोरूनच आणला, तर पहिला धडा तिथेच गिरवला म्हणायचे.

मग घ्यायचा की नाही?

सल्ला विचारता तर स्पष्ट सांगतो.

पोरगा किंवा पोरगी १७ च्या आत असेल, तर नको. बारावीचे वर्ष असेल तरी नको. परीक्षा संपेपर्यंत थांबण्यात कोणाचे काही जात नाही. घरात बी-बियाण्यासाठी उसनवारी चालू असेल, तर मनोरंजनाचा खर्च मागे ठेवायचा, आणि हे पोराला तोंडावर, पण प्रेमाने सांगायचे. घरची स्थिती लपवून ‘गुंडांचा खेळ वाईट’ एवढेच कारण पुढे करू नका. खरे कारण सांगितले तर पोरांना ते समजते.

पोरगा १८ च्या पुढचा आहे, अभ्यास किंवा काम नीट करतो, यंत्र पेलणारे आहे आणि स्वतःच्या कमाईतून किंवा साठवलेल्या पैशांतून घेतो आहे, तर केवळ नावाला बिचकून अडवू नका. सूट लागेपर्यंत मात्र थांबायला लावा. महिनाभर थांबूनही हवासा वाटला तर ती खरी आवड, नाहीतर चार दिवसांची हौस.

त्याला दुसराही पर्याय दाखवा. ‘सिटी ऑफ गँगस्टर्स’ नावाचा खेळ ऑगस्ट २०२१ मध्ये आला. तो शिकागोतल्याच सोमासिम या लहानशा संस्थेचा. काळ तोच, धंदा तोच, पण बंदुकीपेक्षा माल, गाड्या, दुकानदारांशी ओळखी आणि उपकारांची देवाणघेवाण यांवर भर जास्त. ज्याला खरोखर हिशेबाची आणि आखणीची गोडी आहे त्याला तो अधिक रुचेल. आणि पोरगा म्हणाला, ‘छे, त्यात मारामारीच कमी,’ तर त्याला नेमके काय हवे आहे ते तुम्हाला आपोआप कळेल.

खेळ घेतलाच तर परत करायच्या मुदतीतले पहिले दोन तास संपायच्या आत आईबापांपैकी कोणीतरी शेजारी बसा. इंग्रजी कळत नसेल तरी बसा. पोराला म्हणा, ‘मला समजावून सांग.’ मग तीन गोष्टी विचारा. हा पैसा कोठून आला? तो कोणाच्या खिशातून गेला? आणि खऱ्या जगात या माणसाचे पुढे काय झाले? पोराला उत्तरे देता आली तर काळजीचे कारण थोडे. ‘खेळच तर आहे’ म्हणून त्याने खांदे उडवले, तर काही दिवस लक्ष ठेवा.

वेळेचा करारही आधीच करून टाका. आठवड्यातले कोणते दिवस, किती तास, आणि लॅपटॉप रात्री किती वाजता मिटायचा, ते ठरवून कॅलेंडरवर लिहा. पाटाचे पाणी पाळीनेच घेतले तर सगळ्यांच्या शेताला पोहोचते. धाकटीची सायकल अजून बाकी आहे, हेही त्याच कॅलेंडरवर लिहा. थोरल्याचा खेळ आला आणि तिची सायकल राहिली, असे होता कामा नये.